शाळेला मदत करणाऱ्या परिसरातील व्यावसायिकांचे आभार कसे मानावेत?

पालक-शिक्षक संघाची सचिव, लालबाग (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमची शाळा गिरणगावातली, अनुदानित आणि मराठी माध्यमाची आहे. या वर्षी पालक-शिक्षक संघाने क्रीडामहोत्सव, वर्गावर्गांत फिरणारी वाचनपेटी आणि सहावी-सातवीच्या वर्गांतले पंखे अशी कामे हाती घेतली. त्यांतला बराचसा भार परिसरातल्या दुकानदारांनी उचलला. विजेच्या सामानाच्या दुकानाने पंखे दिले आणि आपला कारागीर पाठवून ते बसवूनही दिले. छापखान्याने केवळ कागदाचा खर्च घेऊन निमंत्रणपत्रिका आणि प्रशस्तिपत्रके छापली. मंडप डेकोरेटरने खुर्च्या दिल्या, चिवडा गल्लीतल्या एका व्यापाऱ्यांनी मुलांना खाऊ पाठवला, चष्म्याच्या दुकानाने मुलांचे डोळे तपासून दिले. लाँड्री चालवणाऱ्या काकांनी पाचशे रुपये हातात ठेवले आणि पावतीही मागितली नाही.

आता या सगळ्यांचे आभार कसे मानायचे, यावर कार्यकारी समितीत मतभेद आहेत. काहींच्या मते स्नेहसंमेलनात शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा; काहींचा आग्रह शाळेच्या फाटकावर सर्वांच्या नावांचा मोठा फ्लेक्स लावण्याचा आहे; मुख्याध्यापिकांना मात्र शाळेच्या भिंतीवर दुकानांच्या जाहिराती नको आहेत. मला स्वतःला असे वाटते की, ज्याने दिले त्याला त्याच्या वस्तूचे पुढे काय झाले हे कळले पाहिजे, आणि पाचशे रुपये देणाऱ्या काकांना आपण कमी लेखले गेलो असे मुळीच वाटता कामा नये. आपापल्या शाळांत काय करतात आणि त्याचा अनुभव कसा आहे, हे कृपया सविस्तर लिहावे.

पालक, दादर

आमच्या संघाने सत्कार समारंभ ठेवला होता आणि तो मनापासून केला होता, परंतु अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. कारण अगदी साधे होते. कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी होता आणि ती दुकानाच्या गर्दीची वेळ. ज्याच्या दुकानात तो स्वतः आणि एक मदतनीस एवढीच माणसे आहेत, तो शटर ओढून दोन तास सभागृहात कसा बसणार? जे आले, त्यांना आधी पाहुण्यांची भाषणे ऐकावी लागली आणि मग सगळ्यांना एकत्र व्यासपीठावर बोलावून घाईघाईने शाली घातल्या गेल्या.

पुढच्या वर्षी संघाने रीत बदलली. दोन पालक आणि एक शिक्षक मिळून प्रत्येक दुकानात गेले. दुकानदारांना आधी वेळ विचारून घेतली होती. बहुतेकांनी सकाळी दुकान उघडल्यानंतरचा, गिऱ्हाईक सुरू होण्याआधीचा वेळ सांगितला. दुकानातल्या कामगारांसमोर मालकाचे आभार मानले गेले, आणि ज्या कामगाराने प्रत्यक्ष सामान शाळेत आणून दिले होते त्याचेही मानले गेले, याचा मालकांना अधिक आनंद झाला असे मी स्वतः पाहिले. आमच्याकडची बरीच दुकाने सोमवारी बंद असतात, त्यामुळे ज्यांना शाळेत यायचेच होते त्यांना सोमवारच्या परिपाठाला बोलावले. प्रार्थनेनंतर पाच मिनिटांत आभार झाले आणि मुले वर्गात गेली.

स्टेशनरी दुकानदार, गिरगाव

मी देणाऱ्यांच्या बाजूचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझे दुकान वडिलांनी सुरू केले. आजूबाजूच्या शाळा, गणेशोत्सव मंडळे, नवरात्र, दहीहंडी, व्यायामशाळा असे सगळे जण वर्षभर येत असतात आणि शक्य तेवढे आम्ही देतो. पावती पुस्तक घेऊन आलेल्या प्रत्येकाला हा माणूस पुन्हा कधी दिसेल, हे आम्हांला साधारण ठाऊक असते: पुढच्या वर्षी, पुढची पावती फाडायला. शाळेकडून माझी वेगळी अपेक्षा असते, कारण शाळेतली मुले रोज माझ्या दुकानात येतात.

माझ्याकडे शालींचा गठ्ठा आहे. त्या देणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण त्यांतली कोणती शाल कोणी दिली हे आज सांगता येणार नाही. एका शाळेने पाठवलेला चौकटीच्या वहीचा एक कागद मात्र मी गल्ल्यामागच्या काचेखाली ठेवला आहे. मी त्या शाळेला चित्रकलेचे कागद आणि रंगपेट्या दिल्या होत्या. चौथीतल्या मुलीने लिहिले आहे: 'काका, तुमच्या पेटीतला पोपटी रंग सगळ्यांत आधी संपला, कारण सगळ्यांनी शेत काढले.' हे वाचल्यावर पुढच्या खेपेस मी पोपटी रंगाच्या सुट्या कांड्या वेगळ्या दिल्या. एवढ्या एका ओळीतून माझी वस्तू मुलांच्या हातात गेली, वापरली गेली आणि पुढे काय हवे आहे, हे सगळे मला कळले. 'आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत' असे छापील पत्र शंभर जणांना जाते आणि त्यात माझ्या रंगपेट्यांचा उल्लेखही नसतो.

दुसरी गोष्ट नावाची. मुंबईतल्या शिक्षणसंस्थांना दात्यांच्या नावांची फार जुनी परंपरा आहे. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारातला, १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला, पण त्याला नाव मिळाले ते त्यांच्या आईचे. आम्हां लहान दुकानदारांचीही भावना पुष्कळदा तशीच असते. मला दुकानाच्या नावापेक्षा वडिलांचे नाव लागलेले अधिक आवडेल, कारण शाळेला देण्याची सवय त्यांची. त्यामुळे नावाची पट्टी करायला टाकण्याआधी, कोणाचे नाव लावायचे आणि ते कसे लिहायचे, हे एकदा विचारावे. एका ठिकाणी माझे आडनाव चुकीचे छापले होते. ती पट्टी अजूनही तशीच आहे आणि तिकडून जाताना दर वेळी माझे लक्ष तिच्याकडे जाते.

शेवटची विनंती अशी की, आभार आणि पुढची मागणी एकाच भेटीत करू नये. आभाराचे पत्र हातात देऊन त्याच दमात पुढच्या कार्यक्रमाची यादी काढली, की त्या पत्राचे सगळे मोल जाते.

चार्टर्ड अकाउंटंट, मुलुंड

वरचा प्रतिसाद मनाला भिडला. मी त्यात हिशेबाची बाजू जोडतो, कारण माझ्या मते व्यावसायिकाचे पहिले आभार म्हणजे वेळेवर आणि बिनचूक दिलेली पावती. सचिवताईंनी लाँड्रीवाल्या काकांविषयी लिहिले आहे. त्यांनी मागितली नसली, तरी त्यांना पावती पोहोचवलीच पाहिजे.

पालक-शिक्षक संघ बहुधा स्वतंत्र नोंदणी असलेली संस्था नसतो, त्यामुळे पैसे शाळा चालवणाऱ्या न्यासाच्या किंवा संस्थेच्या खात्यात जमा करून पावती त्याच संस्थेची द्यावी. संस्थेला प्राप्तिकरात देणगीवरच्या वजावटीची मान्यता (१९६१ च्या कायद्यात कलम ८०जी) असेल तरच देणगीदाराला वजावट मिळू शकते, आणि तिथेही काही मर्यादा आहेत. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर वजावट मिळत नाही; वस्तुरूपाने दिलेल्या मदतीवर ती मिळतच नाही; आणि ज्या दुकानदाराने नवी करप्रणाली स्वीकारली आहे, त्याला ८०जीचा उपयोग नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून अशा संस्थेने देणग्यांचे विवरण भरून देणगीदाराला १०बीई हे प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू झाली असून त्यासाठी पुढच्या ३१ मेची मुदत ठरवण्यात आली. ते प्रमाणपत्र न मागता हातात पडले, तर दुकानदाराला शालीपेक्षा त्याचा अधिक उपयोग होतो. उलट, 'कर वाचेल' असे सांगून देणगी घ्यायची आणि नंतर मान्यताच नाही असे निघायचे, यासारखा अपमान दुसरा नाही.

पंख्यांसारख्या वस्तूंसाठी शाळेच्या शीर्षपत्रावर पोचपत्र द्यावे. त्यात वस्तूचे वर्णन, संख्या, मिळाल्याची तारीख आणि मुख्याध्यापकांची सही असावी. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) नुसार भेट म्हणून दिलेल्या मालावर खरेदीच्या वेळचा कर वळता करून घेता येत नाही, म्हणून दुकानदाराला त्या मालाची नोंद आपल्या पुस्तकांत वेगळी दाखवावी लागते. नेमके पोचपत्र हाताशी असले की हे काम सोपे होते.

आता फलकाविषयी. ११ ऑक्टोबर २०१९ च्या जीएसटी परिपत्रकात (क्रमांक ११६) हा प्रश्न स्पष्ट केलेला आहे. धर्मादाय संस्थेला देणगी मिळाली, हेतू परोपकाराचा असला आणि नावाच्या पट्टीतून व्यवसायाची जाहिरात होत नसली, तर त्या पट्टीवर कर लागत नाही. परिपत्रकातच दाखला आहे: योगसंस्थेला भेट दिलेल्या डिजिटल फळ्याखाली देणगीदाराच्या शुभेच्छा लिहिणे, किंवा मंदिराच्या आवारातल्या खोलीच्या दारावर वडिलांच्या स्मरणार्थ देणगी दिल्याचा उल्लेख करणे. याउलट पट्टीवर दुकानाचा पत्ता, फोन क्रमांक, 'घाऊक व किरकोळ विक्रेते' असा मजकूर आला की ती जाहिरात ठरू शकते आणि मिळालेली रक्कम देणगी न राहता सेवेचा मोबदला मानली जाऊ शकते. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वीस लाखांची असल्याने लहान संस्थेला प्रत्यक्ष कर भरावा लागेलच असे नाही, पण देणगी आणि जाहिरात यांची सरमिसळ हिशेबात मुळातच नसावी.

पालक, भांडुप

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. माझी स्वतःची लहान केटरिंगची सेवा आहे आणि मुलगी आठवीत आहे. शाळेला मदत करताना चार लोकांना आपले नाव कळावे ही इच्छा असण्यात गैर काय आहे? मोठ्या कंपन्यांना सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून दिलेल्या पैशांचे नाव मिळते, वार्षिक अहवालात पानभर छायाचित्रे येतात. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मात्र निःस्वार्थपणे द्यावे आणि मागे राहावे, असा आग्रह धरणे मला न्यायाचे वाटत नाही. फाटकावर फ्लेक्स लावल्याने त्याला दहा नवी गिऱ्हाईके मिळाली, तर पुढच्या वर्षी तो अधिक देईल, आणि त्यात शाळेचाच फायदा आहे.

निवृत्त शिक्षिका, विलेपार्ले

भांडुपच्या ताईंचा मुद्दा रास्त आहे आणि तो बाजूला सारू नये. लहान व्यावसायिकाला नाव हवे असेल, तर ते मिळालेच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की ते कुठे आणि कोणत्या रूपात मिळावे.

फाटकावरचा फ्लेक्स मला तीन कारणांनी नको वाटतो. पहिले म्हणजे, रस्त्याकडे तोंड करून फलक लावायला महानगरपालिकेची परवानगी लागते. विनापरवाना फलकांवर विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्यानुसार कारवाई होऊ शकते आणि मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांविरुद्ध २०१७ साली सविस्तर निकाल दिलेला आहे. ज्या फाटकातून आपण मुलांना नागरिकशास्त्र शिकवायला आत घेतो, तिथे विनापरवाना फलक असू नये. दुसरे, खाद्यपदार्थांचे दुकान असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे शाळांविषयीचे २०२० चे विनियम लागू होतात. चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेल्या पदार्थांची विक्रीच नव्हे, तर जाहिरातही शाळेच्या आवारात आणि फाटकापासून कोणत्याही दिशेला ५० मीटरपर्यंत करता येत नाही. त्यामुळे चिवडा गल्लीतल्या व्यापाऱ्यांचे आभार मानताना त्यांच्या फरसाणाची छायाचित्रे लावता येणार नाहीत. त्यांचे स्वतःचे नाव मात्र आदराने घेता येईल. खाऊ म्हणून शेंगदाणे-गुळाची चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू देता येतील का, हे त्यांना पुढच्या वेळी आधीच विचारावे. तंबाखूच्या उत्पादनांशी जोडलेले प्रायोजकत्व तर २००३ च्या कायद्यानेच बंद आहे.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शाळेच्या भिंतीवर दुकानाची जाहिरात लागली की पालकांना ती शाळेची शिफारस वाटते. गणवेश, वह्या, चष्मे 'तिथूनच' घ्यावेत असा अर्थ निघतो. शेजारी तसेच दुसरे दुकान असते, त्याचा मालकही कुठल्यातरी विद्यार्थ्याचा पालकच असतो. शाळेने या स्पर्धेत पडू नये.

नाव देण्याच्या जागा पुष्कळ आहेत. वार्षिक अंकातले आभाराचे पान, संघाच्या वार्षिक सभेचा अहवाल, स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेची मागची बाजू, सूचना फलकावर महिनाभर राहणारी हस्तलिखित यादी. या ठिकाणी व्यक्तीचे आणि दुकानाचे नाव आणि 'यांनी सातवीच्या वर्गाला पंखे दिले' असे एक साधे वाक्य पुरेसे आहे. स्मरणिकेत जाहिरातींचे दर ठरवून जाहिराती घ्यायच्या असतील, तर तो व्यवहार म्हणून उघडपणे करावा, सर्वांना समान दराने. त्याला आभार म्हणू नये.

मुलांच्या पत्रांविषयी मला फार आस्था आहे, म्हणून लिहिते. दहावीपर्यंत मराठीच्या उपयोजित लेखनात पत्रलेखन असते आणि मुले काल्पनिक पुस्तकविक्रेत्याला, काल्पनिक रोपवाटिकेला पत्रे लिहीत राहतात. इथे खरा माणूस आहे, खरा पत्ता आहे आणि लिहायला खरे कारण आहे. वर्गशिक्षकांनी तो तास यासाठी द्यावा. मात्र फळ्यावर मसुदा लिहून सगळ्यांकडून उतरवून घेऊ नये. पंखा लागण्याआधी दुपारच्या तासाला वर्गात कसे वाटत असे आणि आता काय बदलले, एवढेच मुलांना विचारावे. पंख्याचा आवाज येतो असे कोणी लिहिले, तर तेही जाऊ द्यावे.

आणि एक गोष्ट कटाक्षाने टाळावी: देणगीदारासमोर मुलांना ओळीत उभे करून, हातात वस्तू देऊन छायाचित्र काढणे. ज्या मुलांना चष्मा सवलतीत मिळाला, त्यांची तर नावेही बाहेर जाऊ नयेत. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटले असते. मदत घेताना मुलाची मान खाली जाता कामा नये. दुकानदाराला छायाचित्र हवे असेल, तर रिकाम्या वर्गातल्या पंख्याचे, वाचनपेटीचे किंवा मुलांनी काढलेल्या चित्रांचे द्यावे.

पालक, भांडुप

शिफारशीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. केटरिंगवाले आमच्या शाळेत आणखी दोन पालक आहेत. वार्षिक अंकात नाव आणि दिलेल्या मदतीचा उल्लेख मला मान्य आहे. फक्त तो अंक देणगीदारापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची, हेही ठरवावे. माझ्या मुलीच्या शाळेचा अंक मी दोनदा मदत करूनही कधी पाहिलेला नाही.

माजी विद्यार्थी, परळ

एक छोटी पुस्ती. देणगीदारांतले निम्मे जण त्याच शाळेचे माजी विद्यार्थी असतात, निदान गिरणगावात तरी. त्यांना शाळेत बोलावून त्यांच्या जुन्या वर्गात दहा मिनिटे बसू द्या. मंडप बांधणाऱ्याने मुलांना गाठ कशी मारायची हे दाखवले, छापखानेवाल्याने चार रंग एकमेकांवर कसे बसतात हे दाखवले, तर तो त्यांच्या कामाचाही गौरव होतो. २६ जानेवारीच्या ध्वजवंदनाला परिसरातले सगळे येतातच. त्यानंतर हे सहज जमेल.

पालक-शिक्षक संघाची सचिव, लालबाग (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काल कार्यकारी समितीपुढे हा धागा वाचून दाखवला आणि फ्लेक्सचा विषय तिथेच संपला. ठरले ते असे. या आठवड्यात सर्वांना संस्थेची पावती किंवा पोचपत्र जाईल, लाँड्रीवाल्या काकांनाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर, म्हणजे दुकानांची घाई ओसरल्यावर, दोन-दोन पालक दुकानात जाऊन मुलांची पत्रे देतील. त्या भेटीत काहीही मागायचे नाही, असे ठरावातच लिहिले आहे. वार्षिक अंकाच्या प्रती पोहोचवण्याचे काम एका सदस्याच्या नावावर टाकले आहे. छापखानेवाल्यांना आणि मंडपवाल्यांना २६ जानेवारीला मुलांना काही दाखवाल का, असे विचारणार आहोत.

पत्राचा मसुदा असा केला आहे, सुधारणा सुचवाव्यात.

'स. न. वि. वि. आपण दिलेले पंखे सहावी आणि सातवीच्या वर्गांत बसवून झाले असून ते रोज वापरात आहेत. आपल्या कारागिरांनी शाळा सुटल्यानंतर थांबून काम केले, त्यामुळे एकही तास बुडाला नाही, याबद्दल त्यांनाही आमचे धन्यवाद कळवावेत. पूर्वी दुपारच्या तासांना मुलांना व्हरांड्यात बसवावे लागत असे. आता तशी वेळ येत नाही. सोबत मुलांनी स्वतः लिहिलेली पत्रे जोडली आहेत. आपण सवडीने शाळेत येऊन वर्ग पाहावेत, ही विनंती.'

दोन शंका उरल्या आहेत. अंकातल्या यादीत नावांचा क्रम कसा लावावा? आणि चष्म्याच्या दुकानदारांनी आपले नाव कुठेही नको असे सांगितले आहे, तर त्यांचे काय करावे?

स्टेशनरी दुकानदार, गिरगाव

पत्र उत्तम आहे. कारागिरांचा उल्लेख वाचून मालक ते पत्र त्यांना नक्की दाखवतील. 'सवडीने' च्या जागी दोन-तीन वेळा सुचवाव्यात, म्हणजे येणे खरोखर घडेल.

यादीत रक्कम मुळीच छापू नये आणि क्रम आडनावांच्या वर्णानुक्रमे लावावा. रकमा छापल्या की पुढच्या वर्षी शेजाऱ्याकडे पाहून आकडा ठरवला जातो, आणि ज्याला कमी देणे शक्य आहे तो देणेच थांबवतो. आकडे संस्थेच्या हिशेबात असतात, तिथेच ते असावेत.

निवृत्त शिक्षिका, विलेपार्ले

ज्यांना नाव नको आहे त्यांची इच्छा अक्षरशः पाळावी. यादीत 'एक हितचिंतक' असेही लिहू नये, कारण डोळ्यांची तपासणी कोणी केली हे परिसरात सर्वांना ठाऊक असते आणि ते नाव लगेच जोडले जाईल. मुख्याध्यापिकांनी त्यांना स्वतःच्या हस्ताक्षरात पत्र लिहावे. किती मुले तपासली, किती जणांना चष्मा लागला आणि आता फळ्यावरचे वाचता येते असे किती जणांनी वर्गात सांगितले, एवढे आकडे मुलांच्या नावांशिवाय त्यात द्यावेत. पुढच्या वर्षीच्या तपासणीसाठी वर्गशिक्षकांनी या मुलांच्या नोंदी शाळेतच जपून ठेवाव्यात. दुकानदारांना त्यांची गरज पडेल तेव्हा पालकांना विचारून द्याव्यात.